घाटातलं वळण: बाईकस्वाराची चूक नेमकी कुठे होते आणि ती कशी टाळायची

पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत एखादी बाईक पडली की जवळच्या टपरीवर कारणं तयार असतात. खडी होती. समोरून ट्रक अंगावर आला. टायर सटकला. यातलं काही खोटं नसतं, पण घाटात खडी असतेच आणि ट्रकही येतोच. त्याच वळणावरून सकाळी दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून गेलेला असतो, संध्याकाळी परतही येतो. त्याची गाडी वळणात शिरते तेव्हाच तिचा वेग, गिअर आणि जागा ठरलेली असते. पडणाऱ्याचं यातलं काहीच ठरलेलं नसतं. तो सगळं वळणाच्या आत उरकायला बघतो.

हॅरी हर्ट यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. अहवाल १९८१ चा. दुसऱ्या कुठल्याही वाहनाचा संबंध नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघात चालकाच्या चुकीने झाले होते, आणि चुका ठरावीक होत्या: जास्त ब्रेक दाबून घसरणं, किंवा वेग जास्त ठेवून, नाहीतर गाडी पुरेशी न वळवून वळणाबाहेर जाणं. यातली शेवटची चूक नीट बघा. गाडी वळू शकत होती, चालकाने वळवली नाही. आपल्या घाटांतही हेच दिसतं. गाडीच्या आधी माणूस हार मानतो.

पुढे क्रम दिला आहे तो वळणाच्या क्रमानेच: आधी गाडी, मग नजर, मग वेग, गिअर, जागा आणि सगळ्यात शेवटी वळणं. हा क्रम उलटा झाला की गडबड झालीच म्हणून समजा.

निघण्याआधी

टायरची हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर. चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगळे आकडे असतात. पंपावरचा माणूस सगळ्यांना एकाच मापाने हवा भरतो, तेव्हा आकडा आपण सांगायचा. रोज ऑफिसला सरळ रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा टायर मधोमध झिजून सपाट होतो, त्याला आपण चौकोनी टायर म्हणतो. अशी गाडी वळणात आधी झोपायला तयार नसते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. नक्षी थोडी शिल्लक आहे म्हणून असा टायर घाटात न्यायचा नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळू लागतं आणि लिव्हर मऊ, पोकळ लागते. डबलसीट जाणार असाल तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करून घ्या. मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं, गाडी वळणात बाहेरच्या बाजूला जायला बघते, आणि हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

वळण वाचायचं कसं

समोर बघा. रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडा लांब कुठेतरी एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात. आपली नजर तिथवरच पोचते. आपण पुढे जातो तसा तो बिंदू हलतो. तो आपल्यापासून दूर पळत असेल तर वळण उघडतंय. जागच्या जागी थांबल्यासारखा वाटला तर वळण अजून संपलेलं नाही. आणि तो आपल्याच दिशेने जवळ येऊ लागला तर वळण आवळतंय, वेग ताबडतोब कमी करायला हवा. ही एक सवय लागली तर बाकी निम्मा लेख वाचला नाही तरी चालेल.

आवळत जाणारी वळणं हीच घाटातली खरी फसवी जागा. सुरुवात मोठ्या कमानीसारखी मोकळी असते, माणूस त्या हिशोबाने वेग ठेवतो आणि अर्ध्यात गेल्यावर रस्ता आत दुमडतो. डोंगराची सोंड फिरून ओढ्याच्या मोरीपाशी जाणारे रस्ते असे बरेचदा आवळतात, कारण रस्ता डोंगराच्या आकाराने कापलेला असतो. मोरी दिसली की वळण तिथे सर्वात तंग असणार, आणि पावसाळ्यात पाणीही तिथूनच वाहणार, हे धरूनच चालायचं.

विजेच्या खांबांवर आणि झाडांच्या ओळीवर मात्र भरवसा नको. खांब कित्येकदा सरळ दरी ओलांडून जातात आणि रस्ता भलतीकडेच वळतो. रात्री ही फसगत जास्त होते. हेडलाइट गाडीच्या नाकासमोर पडतो, वळणाच्या आत पडत नाही. त्यामुळे दिवसा जिथे ४० ठीक वाटतात तिथे रात्री ३० सुद्धा जास्त होतात. बाणांच्या पाट्या, पांढरा रंग दिलेले कठड्याचे दगड आणि वळणावरचे फुगीर आरसे जरूर बघा. फक्त त्या आरशात गाडी असते त्याहून लहान आणि लांब दिसते, हे लक्षात असू द्या.

वेग वळणाआधी संपवायचा

इथे थोडं गणित. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ४० च्या वेगाने ते घ्यायचं तर गाडी साधारण २३ अंश कलवावी लागते. ५० ला ३३ अंश. ६० ला ४३ अंश. बऱ्याच साध्या बाईकचं फूटरेस्ट किंवा स्टँड त्या सुमारास रस्त्याला घासू लागतं, आणि ओल्या डांबरावर टायर त्याच्या कितीतरी आधी साथ सोडतो. काट्यावर वेग दीडपट झाला, पण गाडी झोपवायला लागली जवळजवळ दुप्पट. वेग थोडासाच जास्त होता, असं पडलेला माणूस म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. थोडासाच जास्त पुरतो.

थांबण्याचा हिशोबही असाच. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ४० वरून थांबायला सुमारे २२ मीटर लागतात आणि ६० वरून सुमारे ४०. म्हणून वेग ठरवायची कसोटी एकच: जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात मला थांबता येईल का? वरंधा घाटासारख्या अरुंद रस्त्यावर दिसणाऱ्या रस्त्याच्या अर्ध्यात थांबता यायला हवं, कारण उरलेला अर्धा समोरून येणाऱ्याला लागणार.

ब्रेक गाडी सरळ उभी असतानाच लावायचे. दोन्ही, पुढचा जास्त. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, हा सायकलच्या दिवसांपासूनचा समज अजून गेलेला नाही, आणि त्यामुळे फक्त पायाचा ब्रेक दाबून मागचं चाक फरफटवत नेणारे खूप आहेत. पुढची लिव्हर हिसक्याने ओढायची नाही. हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि वळणाच्या तोंडाशी तसाच हळूहळू सोडायचा.

आता एबीएसबद्दल, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या बाईकना ते सक्तीचं झालं, आणि त्याने जीव वाचतात यात शंका नाही. पण अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, आणि आपल्या नेहमीच्या गाड्यांतलं एबीएस गाडी सरळ असताना चाक जाम होऊ न देण्यासाठी आहे. झोपलेल्या गाडीत लिव्हर गच्च ओढली तर ते सांभाळून घेईल, अशी आशा धरू नका.

गिअर आणि उतार

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम बाईकलाही लागू पडतो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. गिअर वळणाआधी टाका, एकेक करून, क्लच अलगद सोडत. वळणाच्या मधोमध दोन गिअर एकदम खाली टाकून क्लच फटकन सोडला की मागचं चाक क्षणभर अडकतं आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही भेटतात. चार पैसे वाचतात हे खरं. पण गाडी धरायला काही उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वळणात ऐनवेळी रेस द्यायला इंजिनच जागं नसतं.

स्कूटरवाल्यांनी अधिक जपायला हवं. स्कूटरला इंजिनची पकड आधीच कमी, त्यात वेग बराच कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि ती मोकळी धावू लागते. उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला तर ड्रम तापून पकड कमी होते. दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला की बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

रस्त्यावर जागा कुठे घ्यायची

शर्यतीच्या ट्रॅकवर वळणाच्या बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर जातात. ते बघून घाटात पूर्ण रस्ता वापरणारे दोन-चार जण दर रविवारी दिसतात. आपला ट्रॅक म्हणजे आपल्या बाजूची अर्धी पट्टी. त्याच्या आतच काय ती रेघ आखायची.

उजवं वळण घ्या. आपण डावीकडून चालतो, म्हणजे बाहेरची बाजू रस्त्याच्या डाव्या कडेला. तिथे साइडपट्टीचा मुरूम, गटार, पुढे कठडा. वळणात शिरताना आपल्या पट्टीच्या डाव्या बाजूला राहा, पण मुरमावर नाही. तिथून पुढचं जास्त दिसतं. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे आतून कापत जाणं. चाकं मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे असतात, माणूस समजतो मी माझ्याच बाजूला आहे. पण गाडी उजवीकडे झोपलेली असते, त्यामुळे डोकं आणि खांदा पट्ट्याच्या पलीकडे गेलेले असतात. समोरून एसटी आली तर तिचा आरसा नेमका त्या उंचीवर असतो. दुसरी चूक म्हणजे लवकर वळणं. वळण दिसताच गाडी आत टाकली की अर्ध्यातच ती आतल्या कडेला पोचते आणि तिथून सुटणारी वाट थेट कठड्याकडे जाते.

डाव्या वळणात बाहेरची बाजू म्हणजे रस्त्याचा मध्य. थोडं मधल्या पट्ट्याकडे राहिलं तर जास्त दिसतं हे खरं, पण समोरून येणारा त्याचं उजवं वळण आतून कापत असेल तर तो तुमच्याच दिशेने येणार. डावीकडे डोंगर असेल आणि पुढचं काही दिसत नसेल तर पट्टीच्या मधोमध राहा आणि वेग कमी ठेवा. या वळणातली मोठी चूक बाहेर पडताना होते. वेग जास्त, वळवणं कमी, आणि गाडी हळूहळू समोरच्याच्या पट्टीत. घाटातल्या समोरासमोरच्या धडकांची ही नेहमीची कहाणी.

दोन्ही वळणांना औषध एकच. घाई न करता थोडं उशिरा वळा. वळण जिथे सुटतं ती जागा दिसू लागली की मग गाडी आत घ्या, आणि रस्ता सरळ होत जाईल तशी रेस वाढवा.

कुंभार्ली किंवा पसरणीसारख्या घाटांतल्या यू आकाराच्या वळणांचं वेगळं. तिथे आतली बाजू भिंतीसारखी चढी असते. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, आपल्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाने, मागचा ब्रेक किंचित धरून आणि इंजिनची ओढ चालू ठेवून जा. मधोमध क्लच दाबलात तर गाडी आतल्या बाजूला कोसळते. डबलसीट असताना अशी पडलेली गाडी पायाने सावरत नाही. आणि वरून एसटी किंवा ट्रक येताना दिसला तर वळणाच्या अलीकडेच थांबा. त्याला पूर्ण रस्ता लागतो, त्याची मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून जातात, आणि त्या आतल्या कोपऱ्यात अडकलेली बाईक ड्रायव्हरला दिसतही नाही.

वळवायचं कसं

चालत्या बाईकचं हँडल उजवीकडे फिरवून ती उजवीकडे वळत नाही. वेग ३० च्या पुढे असताना उजवी मूठ पुढे ढकलली की गाडी उजवीकडे कलते आणि वळते. डावी ढकलली की डावीकडे. आपण सगळे नकळत हेच करतो, पण जाणूनबुजून करायची सवय नसते. म्हणून जास्त कलवायची वेळ येते तेव्हा हात आखडतात आणि गाडी सरळ जाते. हर्टच्या अहवालातही नोंद आहे, की अशी गाडी वळवून धोका चुकवण्याचं कौशल्य चालकांकडे जवळपास नव्हतंच. एखाद्या सकाळी मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या सरळ रस्त्यावर ३०-३५ च्या वेगाने जाऊन आलटून पालटून दोन्ही मुठी अलगद ढकलून बघा. पहिल्यांदा दचकायला होतं.

खांदे सैल, कोपर किंचित वाकलेले, गुडघ्यांनी टाकी धरलेली. हँडलला लटकून बसलेला माणूस गाडी वळवू शकत नाही.

वेग जास्त झाला, आता?

वळणात शिरल्यावर कळतं की जरा जास्तच वेगाने आलो. त्या क्षणी शरीर तीन गोष्टी आपणहून करतं: रेस फटकन सोडतं, ब्रेक गच्च दाबतं आणि डोळे कठड्यावर खिळवतं. तिन्ही चूक. यातली डोळ्यांची चूक सर्वात महाग पडते, कारण बाईक नजरेमागे जाते. कठडा बघाल तर कठड्यावर जाल, खड्डा बघाल तर खड्ड्यात.

हनुवटी फिरवा आणि रस्ता जिथे सुटतो तिकडे बघा. आतल्या बाजूची मूठ आणखी ढकला. भीती वाटेल, तरी कोरड्या रस्त्यावर गाडी तुम्ही आजवर कलवलीत त्याहून जास्त कलू शकते. रेस एकदम न सोडता अलगद कमी करा. ब्रेक लावावाच लागला तर दोन्ही अगदी हलके, आणि ब्रेक लागताच गाडी उभी राहून बाहेर जायला बघेल हे गृहीत धरून मूठ ढकलत राहा.

दुसरा उपाय तेव्हाच, जेव्हा समोर खरोखर मोकळी जागा दिसतेय: गाडी पूर्ण सरळ करा, सरळ रेषेत जोरात ब्रेक लावा, सोडा, मग वळा. अर्धवट झोपलेल्या गाडीत अर्धवट जोराचा ब्रेक, हा मधला मार्ग बहुतेकांना जमिनीवर नेतो. साइडपट्टीवर गेलातच तर पुढच्या ब्रेकला हात लावू नका. गाडी सरळ उभी ठेवा, मागच्या ब्रेकने वेग कमी होऊ द्या, आणि डांबराच्या उंच कडेवर तिरक्या चाकाने घाईने चढू नका.

रस्त्यावर काय पडलेलं असतं

चढावरच्या तंग वळणांवर डिझेल सांडतं, टाकी तुडुंब भरलेल्या ट्रकमधून. ओल्या रस्त्यावर ते इंद्रधनुषी दिसतं, कोरड्यावर नुसता काळा पट्टा, आणि वास आधी येतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल-धूळ वर येऊन चिखलासारखा थर होतो. झाडांच्या सावलीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे डांबराच्या कडेला शेवाळ धरतं. रंगाचे जाड पांढरे पट्टे ओले असताना निसरडे होतात. पर्यटक चिवडा टाकतात तिथे माकडं रस्त्यात बसलेली असतात. चिवडा टाकणाऱ्यांची गाडीही बहुधा वळणावरच उभी असते.

आणि दगड. ट्रक वळणावर बंद पडतो, क्लीनर उतरून मागे-पुढे मोठाले दगड मांडतो, झाडाची फांदी टाकतो. त्रिकोणी फलक कुणाकडेच नसतो. तीन तासांनी ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड तिथेच राहतात. रात्री काळ्या डांबरावर काळा दगड. घाटात फांदी दिसली की त्यापुढे दगड किंवा ट्रक असणारच असं समजून वेग उतरवा. आपण थांबू शकत असू तर ते दगड बाजूला सारायला दोन मिनिटं लागतात.

इतर गाड्या, आपले मित्र

पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात: पुढे जा, किंवा मी उजवीकडे वळतोय. त्याच्या खुणेवर आपला जीव टाकू नका. स्वतःला पुढचा रस्ता दिसत असेल तरच ओव्हरटेक, आणि वळणात कधीच नाही. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, रात्री अप्पर-डिपर. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि रीतही.

दहा बाईकच्या ग्रुपमध्ये सातवा माणूस स्वतःचं वळण बघत नाही, सहाव्याचा टेललाइट बघतो. सहावा चुकला की दोघं जातात. घाट सुरू होताना ग्रुप सोडून द्या. अंतर वाढवा, एका रांगेत या, कुणी कुणासाठी वेग वाढवायचा नाही, ताम्हिणी उतरून खाली विळ्याला नाहीतर निजामपूरला चहाला भेटू, एवढं ठरवलं की झालं. नवखा सगळ्यात मागे पडून जीव खाऊन पळत असेल तर त्याला दुसऱ्या क्रमांकावर घ्या.

मागे बसणाऱ्यालाही सांगून ठेवा: वळणात माझ्या खांद्यावरून वळणाच्या दिशेने बघ आणि माझ्याबरोबर हल. घाबरून उलट्या बाजूला झुकलेला माणूस गाडी वळू देत नाही. फोटोसाठी मोबाईल काढायचा तो गाडी थांबवून.

परतीचा घाट वेगळा जपायचा. कोकणातून दुपारचं माशाचं जेवण आटोपून निघालेला माणूस संध्याकाळी घाटात पोचतो तेव्हा डोळे जड आणि उद्या ऑफिस. ओळखीच्या रस्त्यावर वळणं वाचणं बंद होतं. घाटाच्या पायथ्याशी पंधरा मिनिटं उतरून तोंडावर पाणी मारा, हेल्मेटची काच पुसा, मगच चढा.

कुणी पडलंच तर

पडलेल्याला बघायला सगळे त्याच वळणात गाड्या लावतात, आणि मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. आधी दोन्ही बाजूंना एकेक माणूस वळणाच्या पुरेसा अलीकडे पाठवा, हात किंवा टॉर्च हलवत. गाड्या वळण ओलांडून सरळ भागात लावा. जखमी माणूस श्वास नीट घेत असेल तर त्याला ओढून उठवू नका आणि हेल्मेट हिसकू नका. मान हलू न देता धरून ठेवा. १०८ किंवा ११२ ला फोन लावा. ताम्हिणी आणि वरंध्याच्या बऱ्याच भागात रेंज नसते, तेव्हा एकाला रेंज मिळेपर्यंत पुढे पाठवा, आणि त्याला जवळचं गाव व रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा पाठ करून पाठवा. पोलिसांच्या भीतीने मागे राहायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि त्याखालचे नियम नाव सांगायचं की नाही हेही त्याच्यावरच सोडतात.